मशाल पेटलेली का दिसत नाही?

दिवाळीतल्या किल्ल्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. किल्ले झकास असतात, त्याबद्दल वादच नाही. दगड, माती, पोती, वर हिरवंगार हळीव, पायथ्याशी भाजीवाली, गुहेत वाघ, सगळं जिथल्या तिथे. पण ज्या मावळ्याच्या हातात मशाल असते, त्याची मशाल कधीच पेटलेली दिसत नाही. टोकाला लाल रंगाचा एक ठिपका आणि खाली मावळा मात्र भर दुपारी बारा वाजता उभा असल्यासारखा: स्वच्छ, भगवा, गुलाबी गालांचा. त्याच्या हातात मशालीऐवजी गाजर दिलं तरी काही बिघडणार नाही.

(पुण्याबाहेरच्या मंडळींसाठी: किल्ल्यावरच्या ह्या मातीच्या छोट्या पुतळ्यांना आम्ही ‘चित्रं’ म्हणतो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या आधी ती ढिगाने मिळतात. तेव्हा खाली ‘चित्र’ असं वाचलंत तर कागद डोळ्यासमोर आणू नका.)

आता मी राहतो धायरीत. गच्चीवर गेलं की समोर सिंहगड. रात्री डोंगर दिसत नाही, नुसते टॉवरचे दिवे दिसतात, आणि त्यावरून गड कुठे आहे ते कळतं. साहजिकच आमच्या भागात दरवर्षी निम्मे किल्ले तरी सिंहगडाचेच असतात. आणि सिंहगडाची गोष्ट म्हणजे तानाजीची गोष्ट, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रात्रीची आहे. ती आम्ही वर्षानुवर्षं दुपारच्या उन्हात मांडतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गोष्ट रात्रीची दिसायला हवी, आणि ते काम दिव्यांच्या माळांचं नाही, ब्रशचं आहे.

मी वीकेंडला छोटी चित्रं रंगवतो. हे सांगितलं की ऑफिसात लोक दोन सेकंद गप्प होतात आणि मग ‘ट्रेक वगैरे करत नाहीस का?’ असं विचारतात. असो. परदेशात हा मोठा छंद आहे. टेबलावर खेळायच्या युद्धांच्या खेळांमधले दीड-दोन इंची सैनिक, राक्षस, जादूगार लोक महिनोन्‌महिने रंगवत बसतात. जादूगाराच्या हातातल्या गोळ्याचा हिरवा उजेड त्याच्याच दाढीवर पडलाय असं नुसत्या रंगाने दाखवणं, ही त्यातली अवघड परीक्षा. त्याला ते ‘ऑब्जेक्ट सोर्स लायटिंग’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. मतलब एवढाच, की उजेड कुठून येतोय ते ठरवा आणि तो जिथे पोचेल तिथेच रंगवा. आमच्या मशालजीला नेमकं हेच हवंय.

पहिला प्रश्न हमखास येतो: एवढा खटाटोप कशाला, एक एलईडी लावून टाक की! दहा रुपयांत काम होतं.

होत नाही. साधा हिशोब करू. मावळा सहा सेंटिमीटर उंच. खरा माणूस साडेपाच फुटी धरला तर प्रमाण झालं साधारण एकास अठ्ठावीस. बाजारात मिळणारा साधा एलईडी पाच मिलिमीटरचा असतो. त्याला अठ्ठावीसने गुणा: चौदा सेंटिमीटर. म्हणजे मावळ्याने काठीच्या टोकाला एक लखलखता नारळ धरलाय. शेजारी पणती ठेवली तर तिची ज्योत दोन सेंटिमीटरची, म्हणजे मावळ्याच्या जगात जवळपास दोन फुटांचा जाळ. शिवाय ह्या एलईडीचा उजेड बहुतेक वेळा निळसर पांढरा, साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा. ज्योतीचा उजेड असतो एकोणीसशे केल्विनच्या आसपास. मग मशाल दिसते कशी? पार्किंगमधल्या दिव्यासारखी. आणि त्या झगझगाटात चित्राचा चेहरा, ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं, तो दिसतच नाही. रंग बदलणाऱ्या माळांबद्दल तर मी बोलतच नाही. जांभळा-हिरवा-जांभळा-हिरवा होणारा राजगड बघून मला आपण लग्नाच्या हॉलवर आलोय असं वाटतं.

तर उजेड रंगवायचा. कसा?

इथे बहुतेक लोक पिवळा रंग घेतात आणि मशालीच्या आसपास फासतात. मावळ्याला कावीळ होते. मशाल पेटत नाही ती नाहीच.

कारण समजून घ्यायला बारावीचं फिजिक्स पुरतं. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. मशाल गालापासून एक सेंटिमीटरवर असेल, कमरेपासून तीनवर आणि पायांपासून पाचवर, तर गालाला जेवढा उजेड मिळतो त्याच्या एक नवमांश कमरेला आणि एक पंचविसांश पायांना. पंचवीस पट फरक! आता रंगाच्या बाटलीत काय आहे ते बघा. चांगला पांढरा मॅट रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला पंचाऐंशी-नव्वद टक्के परत टाकतो, चांगला काळा चार-पाच टक्के. म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद यांच्यातला फरक साधारण वीसेक पट. एवढंच बजेट. ह्याच्या पलीकडे रंग जाऊ शकत नाही, तुम्ही कुठल्याही कंपनीचा घ्या.

आता आपण काय करतो? मावळ्याचा अंगरखा पांढरा शुभ्र रंगवतो. झालं, बजेटचं वरचं टोक तिथेच संपलं. मशालीच्या ज्योतीला त्याच्यापेक्षा उजळ काही देता येत नाही, कारण पांढऱ्याहून पांढरं काही नसतं. (वॉशिंग पावडरच्या जाहिराती सोडून.) मग ज्योत कितीही पिवळी-लाल केली तरी ती अंगरख्यापेक्षा गडदच राहणार. जी वस्तू शेजारच्या कापडापेक्षा गडद आहे ती उजेड देतेय हे डोळा कसं मान्य करील?

म्हणून उजेड रंगवायचा तर आधी बाकीचं सगळं अंधारात ढकलावं लागतं. इथेच लोक कच खातात. पांढरा अंगरखा राखाडी-जांभळा करायचा, भगवा फेटा विटकरी-तपकिरी करायचा, पाय जवळजवळ काळे ठेवायचे, हे जीवावर येतं. आपण इतक्या मेहनतीने काढलेल्या कमरपट्ट्याच्या बुट्ट्या अंधारात घालवायच्या? हो, घालवायच्या. जे जे रंगवलं ते ते दिसलंच पाहिजे हा हट्ट धरला की मशाल विझते. ऑफिसात अशी प्रेझेंटेशन्स रोज बघतो: प्रत्येक ओळ ठळक, म्हणून एकही ठळक नाही.

हे नुसतं माझं डोकं चालवणं नाही. आपल्याकडचं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८). त्यांचं ते दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. कॅलेंडरवर, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुठे ना कुठे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि तिथे जाऊन आलेले निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचं असल्याचं ठासून सांगतात. ते हळदणकरांचं आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, आणि समोर दिवा घेऊन उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. २०१८ साली कोल्हापुरात त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांचं वय एकशे दोन होतं.

ह्या चित्रात एक गंमत आहे जी कॅलेंडरवर सहज निसटते. ज्योत दिसत नाही. तिने ज्योतीपुढे हात धरलाय. आपल्याला दिसतो तो बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड, आणि तोंडावर, पदरावर पडलेला. बाकी सगळं मंद. आणि हे सगळं जलरंगात! तैलरंगात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे खालचा कागद. जिथे उजेड हवा तिथला कागद पहिल्यापासून राखायचा, आणि बाकीच्या कागदावर थरावर थर देत अंधार चढवायचा. म्हणजे हळदणकरांनी उजेड रंगवलाच नाही म्हणा ना. त्यांनी उजेड सोडून उरलेलं सगळं रंगवलं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जॉर्ज द ला तूर नावाच्या चित्रकाराने मेणबत्तीपुढे हात धरलेलं पोर रंगवलं होतं, त्याचीही बोटं अशीच आतून पेटलेली दिसतात. दोघांनीही उजेडाचा उगम झाकला. सहा सेंटिमीटरच्या मावळ्याला हे जसंच्या तसं जमणार नाही, पण हिशोब तोच: खर्च करायचा तो अंधारावर.

आता प्रत्यक्ष मशालजी. दुकानातून आणलेलं चित्र ऑइल पेंटने चकचकीत रंगवलेलं असेल तर आधी ते सगळं झाकून टाका. चकाकी हा मोठा शत्रू. समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब मावळ्याच्या पोटावर चमकलं की तुमची मशाल गेली कामातून. मॅट रंग हवा. त्याचा आणखी एक फायदा आहे. मॅट पृष्ठभागावरचा उजेड कुठल्याही बाजूने बघितला तरी जवळपास सारखाच दिसतो. बघणाऱ्याप्रमाणे सरकते ती फक्त चकाकी. त्यामुळे ‘पलीकडच्या बाजूने बघितलं तर तुझा उजेड खोटा पडेल’ हा जो आक्षेप घेतला जातो, तो मॅट चित्राला लागू होत नाही. आणि तसंही किल्ले भिंतीला टेकूनच असतात, मागे कोण जातंय?

सगळं चित्र आधी गडद निळ्या-जांभळ्यात बुडवा. मग एक डोळा मिटा आणि दुसरा डोळा मशालीच्या जागी आहे अशी कल्पना करा. तिथून मावळ्याचं जे जे दिसेल त्याच्यावर उजेड पडेल. जे दिसणार नाही ते अंधारात. कल्पना जमत नसेल तर खोलीतला दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च तिथे धरा आणि फोटो काढून ठेवा. नाकाची एक बाजू, गालाचं हाड, फेट्याची आतली कड, मनगट. बस, एवढंच असतं. तेवढ्यावरच पांढऱ्याचे पातळ थर द्या, जवळ जास्त, लांब कमी. ते वाळले की त्याच्यावर पाण्यासारखा पातळ पिवळा, थोडं लांब केशरी, अगदी कडेला विटकरी. ज्योतीत मात्र मधोमध जवळजवळ पांढरा आणि कडेला केशरी. लोक नेमकं उलट करतात, मध्ये लाल आणि बाहेर पिवळा, म्हणून ती ज्योत जास्वंदीच्या फुलासारखी दिसते. आणि मशाल डोक्याच्या वर धरलीय की छातीशी, हे विसरू नका. वर असेल तर भुवयांखाली सावली पडते आणि मावळा करारी दिसतो. खाली असेल तर हनुवटी उजळते आणि तो भुताच्या सिनेमातला वाटतो.

आता ‘रेडियम’चा मोह. आपल्याकडे जे जे भडक चमकतं ते सगळं रेडियम. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांवर खरोखरचं रेडियम लावायचे, ते नाव आजपर्यंत गाडीच्या नंबरप्लेटवर टिकलंय. दुकानात मिळणारा केशरी रेडियम रंग म्हणजे फ्लुरोसंट रंग. तो अतिनील आणि निळसर उजेड शोषून घेऊन केशरी म्हणून परत टाकतो, म्हणून दिवसा पांढऱ्यापेक्षाही झगझगीत वाटतो. माझं मत: मशालीला तो वापरू नका. किल्ला बघायचा असतो संध्याकाळी, पणत्या लावल्यावर. पणतीच्या उजेडात निळा-जांभळा भाग नावापुरताच असतो. त्या रंगाला खायलाच काही मिळत नाही, आणि दुपारी पेटलेली मशाल नेमकी रात्री मरते.

उलट साध्या रंगांना पणती मदतच करते. पिवळा, केशरी, तांबडा तिच्या उजेडात खुलतात. निळा आणि जांभळा काळे पडतात. म्हणजे सावल्या निळ्या-जांभळ्यात केल्या असतील तर पणती लागल्यावर त्या आपोआप आणखी खोल जातात. दुपारी जे चित्र थोडं विचित्र, निळंसर वाटत होतं, तेच साडेसातला नीट बसतं. काही रुपयांच्या पणतीने तुमच्या वीस पटींच्या बजेटमध्ये घातलेली ही भर समजा. फक्त पणती मशालीच्याच बाजूला ठेवा. विरुद्ध बाजूला ठेवलीत तर ती तुमच्या सगळ्या सावल्या पुसून टाकेल.

ह्यावर मला दरवेळी ऐकावं लागतं, ‘अहो, लहान मुलांचा किल्ला आहे, केवढा तो शहाणपणा!’ मान्य, मुलांचा आहे. पण मुलांना हे चटकन कळतं असा माझा अनुभव आहे. मशालीच्या जागी डोळा ठेवायचा खेळ सातवीतल्या पोराला एकदा सांगितला की पुरतो. अडतात ते मोठे. स्पर्धेत नंबर यायला पाहिजे, फोटोत किल्ला उठून दिसायला पाहिजे, भगवा भगवाच दिसला पाहिजे. अंधाराची भीती मुलांपेक्षा पालकांना जास्त आहे.

आणि आता मूळ तक्रारीवर येतो, कारण उजेड कुठे पडतो हा नुसता रंगकामाचा प्रश्न नाही. कोंढाण्याचा तो हल्ला झाला ४ फेब्रुवारी १६७० ला, तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो. म्हणजे पूर्वरात्र काळीकुट्ट. तानाजी आणि त्याचे मावळे कडा चढून गेले ते ह्या अंधाराच्या भरवशावर. असं असताना आमच्या किल्ल्यांवर दोर धरून कडा चढणाऱ्या मावळ्याच्या दुसऱ्या हातात मशाल असते! अरे, तो चढतोय की उदेभानाला निरोप देतोय? चढणाऱ्या मावळ्यांवर उजेडाचा एक थेंबही नको. त्यांना निळसर काळ्यातच ठेवा, इतके की बघणाऱ्याला वाकून शोधावे लागतील. मशाल द्यायची ती वर, पहाऱ्यावरच्या शिपायाला. तो उजेडात उभा आहे म्हणूनच त्याला खालचा अंधार दिसत नाही. दिव्याखाली उभं राहून बाहेर बघितलं की काय दिसतं ते लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. एका मशालीने कोण दिसतोय आणि कोणाला दिसत नाहीये, हे दोन्ही सांगून होतं. गोष्टीतला सगळा ताण तिथे आहे, आणि तो माळा लावल्याबरोबर जातो.

उलटी गोष्टही आपल्या शेजारचीच आहे. शायिस्ताखानावरच्या १६६३ च्या छाप्यानंतर पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधले, असं सांगतात. तो किल्ला कुणी केला तर मी स्वतः येऊन पलिते रंगवून देईन, कारण तिथे उजेड हीच थाप आहे आणि माणसं कुठेतरी भलतीकडे अंधारात आहेत.

सिंहगडाच्या गोष्टीत मोठा उजेड येतो तो अगदी शेवटी. गड घेतल्यावर पागेच्या घरांना आग लावली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांना दिसला, असं सभासदाच्या बखरीत आहे. ह्या एका जागी मी खऱ्या पणतीला हरकत घेणार नाही. मघाचा तो दोन फुटांचा जाळ जळत्या घराला शोभून दिसतो. पणती पागेच्या मागे लपवून ठेवा आणि पुढे मावळे उभे करा. उजेड मागून आहे, तेव्हा ह्या मावळ्यांच्या फक्त कडा रंगवायच्या: खांद्याची एक रेघ, फेट्याची एक रेघ, तलवारीच्या पात्याची एक. चेहरे पूर्ण काळे. दहा-बारा मावळे एका संध्याकाळी होतात, आणि पेठेत रंगवलेली चित्रं संपली असली तरी चालतं, कोरी मिळाली तर उलट बरं.